चिंब, चिबड आणि भिजत घोंगडे

मृगाचा पहिला पाऊस अंगावर घेऊन शेतकरी घरी परतला म्हणजे मंडळी त्यास 'चिंब भिजला' असे म्हणतात. या म्हणण्यात तक्रार थोडी व संतोष फार असतो. चिंब म्हणजे नुसते ओले नव्हे. अंगावर कोरडा असा धागा उरू नये व पाणी निथळत राहावे, तेव्हा तो शब्द शोभतो. भाषेने त्यास पुढे मनाच्या प्रांतातही नेले. घामाने चिंब होतो तो कष्टाळू, भक्तिरसात चिंब होतो तो वारकरी. चिंब झालेल्या माणसास घटकाभरात कोरडे वस्त्र मिळते. जमिनीस ते मिळत नाही.

अशी भिजून राहिलेली जमीन ती चिबड. चिंब व चिबड कानास भाऊबंद वाटतात, पण एकाचे सुख ते दुसऱ्याचे दुःख. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात माती काळी, खोल व चिकण आहे. पाऊस पडताच ती फुगते, उन्हाळ्यातील भेगा मिटतात आणि पाणी आत जाण्याची वाट अरुंद होते. खारपाणपट्ट्यात सोडियमाच्या क्षारांमुळे मातीचे कण विस्कटून छिद्रे बुजतात, म्हणून तेथे हा दोष अधिक. सात दिवसांची झड लागली की वाफसा येत नाही, मुळांस हवा मिळत नाही, आणि पाण्यात उभी असलेली कपाशी तहानल्यासारखी माना टाकते. यास आकस्मिक मर म्हणतात. पाणी जमिनीत मुरले तर ते भाग्य; व्यवहारात मात्र 'कोठे तरी पाणी मुरते' म्हटले की संशय येतो, ही भाषेची गंमत आहे. उपाय जुनाच आहे. ओळींमधून सऱ्या काढाव्या, त्यांचे तोंड नाल्याकडे जाणाऱ्या चरास जोडावे, आणि तो चर पावसापूर्वी उपसावा.

परंतु चर शेजाऱ्याने बुजविला तर? येथे तिसरा शब्द येतो, भिजत घोंगडे. लोकरीचे घोंगडे भिजले की जड होते व दिवसेंदिवस वाळत नाही. म्हणून रेंगाळलेल्या प्रकरणास ते नाव पडले. आम्ही महसुलाच्या कारकुनीत आयुष्य घालविले, तेव्हा अशी घोंगडी आमच्या हातूनही भिजली. एका श्रावणात असाच अर्ज आमच्या मेजावर आला. नकाशाची एक प्रत नव्हती, एवढ्यावरून आम्ही तो दुसऱ्या गठ्ठ्याखाली ठेवला. दिवाळीनंतर अर्जदार आला व शांतपणे म्हणाला, "बाबूजी, वावर तं वाळलं, पन तुमचं घोंगडं अजून भिजूनच हाये." आम्हांस उत्तर सुचले नाही. त्याची कपाशी गेली होती.

अशा प्रसंगी १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे ५ वे कलम उपयोगी आहे. पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक ओघ अडवून शेताचे नुकसान होत असेल तर तहसीलदाराकडे दावा करता येतो. मुदत अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांची आहे. ती आपसांतील बोलाचालीत निघून जाते, असे आम्ही पुष्कळदा पाहिले.

'ओला दुष्काळ' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, पण सरकारी नियमांत तो नाही. तेथे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी. झडीचा पाऊस रोज थोडा पडे व या मापात बसत नसे. सन २०२३ मध्ये राज्य सरकारने 'सततचा पाऊस' ही आपत्ती मानली. त्यास सलग ५ दिवस रोज किमान १० मिलिमीटर व इतर काही अटी आहेत. म्हणून झडीत मंडळाच्या पावसाचे रोजचे आकडे आपल्या वहीत उतरून ठेवावेत.

त्या अर्जदाराचा चर पुढील वैशाखात मोकळा झाला. दोघा शेजाऱ्यांनीच फावडी घेऊन तो उपसला. 'प्रकरण निकाली' हा शेरा आम्ही त्यानंतर पौषात लिहिला.