महारेरा नंबर आहे, पण तो नक्की कशाचा पुरावा आहे?

१ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात फ्लॅटच्या प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड छापावा लागतो. मोबाइलने स्कॅन केला की महारेराच्या वेबसाइटवर त्या प्रोजेक्टचं पान उघडतं. बहुतेक लोक पान उघडलं एवढंच बघतात आणि बंद करतात. "रेरा रजिस्टर्ड आहे ना? मग झालं!"

इथेच थोडं थांबा. कल्याण-डोंबिवलीतलं प्रकरण आठवत असेल. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार केल्या गेल्या, त्या जोडून महारेराचे नंबर मिळवले गेले आणि लोकांनी गृहकर्ज काढून घरं घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती पाडण्याचे आदेश दिले. नंबर खरा होता, पण त्याच्यामागचा कागद खोटा होता.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा फॉर्म व्हॅलिडेशनचा प्रश्न आहे. फील्ड भरलंय का, पीडीएफ जोडलीय का, हे सिस्टीम तपासते. पीडीएफमधला मजकूर खरा आहे का, हा वेगळाच चेक आहे. या प्रकरणानंतर महारेराने परवानग्यांची पडताळणी कडक केली आहे हे खरं, पण तुमचे पैसे अडकणार असतील तर दुसरा चेक तुम्हीही करायला हवा. शब्द थोडे अवघड आहेत, पण कोडिंगपेक्षा नक्कीच सोपे.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे सीसी, अर्थात कमेन्समेंट सर्टिफिकेट, बांधकाम सुरू करण्याची परवानगी. प्रोजेक्टच्या पानावर कागदपत्रांच्या विभागात ती अपलोड केलेली असते. ती डाउनलोड करा आणि परवानगी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. मुंबईत तर सीसी टप्प्याटप्प्याने मिळते, आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांसाठी. तुम्हाला १८वा मजला विकत असतील आणि सीसी १२व्यापर्यंतच असेल, तर वरचे सहा मजले सध्या फक्त ब्रोशरमध्ये आहेत. सीसीवरचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि महापालिकेच्या किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाच्या बांधकाम विभागात जाऊन ताडून बघा. हो, प्रत्यक्ष जाऊन. एक सुट्टी जाईल, जाऊ दे.

सीसीचा मोठा भाऊ म्हणजे ओसी, भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आणि राहायला योग्य आहे, असं ते सांगतं. चावी मिळाली म्हणजे ओसी मिळाली असं नाही. विक्रेता "ताबा घेऊन टाका, ओसी येईल नंतर" म्हणाला की सावध व्हा.

मग तारखा बघा. पानावर मूळ पूर्णत्वाची तारीख असते आणि मुदतवाढ घेतली असेल तर सुधारित तारीखही. या दोन्हींपेक्षा तुमच्या करारात कोणती तारीख लिहिली आहे ते जास्त महत्त्वाचं, कारण ताबा उशिरा मिळाला तर कलम १८ प्रमाणे व्याज किंवा पैसे परत मागण्याचा हक्क करारातल्या तारखेवर उभा राहतो. सेल्स ऑफिसमध्ये तोंडी सांगितलेली 'पुढची दिवाळी' तिथे कामाची नाही.

त्याच पानावर बिल्डरने दर तीन महिन्यांनी प्रगतीची माहिती भरायची असते: आर्किटेक्टचं प्रमाणपत्र, इंजिनीअरचं आणि सीएचं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून फक्त जमीन आणि बांधकामासाठी वापरायची असते. ती किती काढली आणि काम किती झालं, हे या तीन कागदांवरून जुळवून बघता येतं. मला विचाराल तर अख्ख्या वेबसाइटवर सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि सगळ्यात उपयोगी भाग हाच. माहिती भरणंच बंद झालं असेल, तर तोही एक सिग्नल समजा.

जमिनीसाठी मात्र दुसऱ्या वेबसाइटवर जावं लागतं. महाभूलेखवर सातबारा किंवा शहरात असेल तर मालमत्ता पत्रक मिळतं. त्यात 'भोगवटादार वर्ग २' दिसलं तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही, त्यामुळे परवानगीचा कागद मागा. 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुणाचा हक्क नोंदलेला असू शकतो. आणि एक गैरसमज दूर करू: सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यासाठी वकिलाकडून टायटल सर्च करून घ्यायचा. इथे पैसे वाचवू नका.

आता भावाचं गणित. समजा, 'सेलेबल १००० चौरस फूट, दर ८ हजार' म्हणजे ८० लाखांचा फ्लॅट. कायद्यात सेलेबल, सुपर बिल्टअप वगैरे काही नाही, फक्त कार्पेट एरिया आहे: घरातली वापरण्याजोगी जागा, आतल्या भिंतींसह. बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमची बाल्कनी आणि गच्ची त्यात धरत नाहीत. हा कार्पेट ६४० चौरस फूट निघाला, तर खरा दर १२,५०० झाला. दोन प्रोजेक्टची तुलना याच आकड्यावर करा. महारेराच्या पानावर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणा.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांना हमखास येणारी ऑफर म्हणजे 'प्री-लाँच रेट'. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट असतील, तर नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. नोंदणीनंतरही विक्री करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. वरच्या उदाहरणात ८ लाख, बस्स.

त्याहून नाजूक प्रकार म्हणजे 'खात्रीचा परतावा' किंवा 'बायबॅक' देणारा एमओयू. रेरा कायदा 'अलॉटी'ला, म्हणजे फ्लॅट ज्याला दिला आहे त्याला संरक्षण देतो. तुमच्या हातात फ्लॅटचा करार नसून परताव्याचा कागद असेल, तर वाद झाल्यावर आधी 'तुम्ही अलॉटी आहात का' यावरच भांडण सुरू होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिवाळखोरी कायद्याच्या संदर्भात खरा घरखरेदीदार आणि सट्टा म्हणून पैसे लावणारा यांच्यात फरक केला. पहिल्याला मिळणारा दरवाजा दुसऱ्याला बंद.

करार नोंदवून झाला की अजून एक काम उरतं. काही दिवसांनी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून तुमचा इंडेक्स २ शोधा. त्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, दोन्ही पक्षांची नावं आणि भरलेलं मुद्रांक शुल्क असतं. स्वतःच्या नावाचं स्पेलिंगही बघून घ्या.