बाबांच्या गाडीतला रेडिओ

बाबांची पद्मिनी विकायची ठरली. गिऱ्हाईक म्हणालं, "रेडिओसकट द्या, दोन हजार जास्त देतो." आई मात्र म्हणाली, "तेवढा काढून ठेव गं."

मेकॅनिककाकांनी माझ्याकडूनच काढून घेतला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. बटणं अलगद ओढली, त्यामागचे नट सैल केले. एरियल, स्पीकर आणि करंटच्या वायरींना चिठ्ठ्या बांधल्या. काकांनी बजावलं, "स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, आतून जळेल. आणि मध्ये फ्यूज हवाच."

आता तो आईच्या खोलीत, बारा व्होल्टच्या बॅटरीवर! मीडियम वेव्हवर खरखरत का होईना, आकाशवाणी लागली. आई डोळे पुसत हसली. मैत्रिणींनो, दोन हजारांचं नुकसान झालं म्हणायचं का?