दोनदा अडलेली ॲनॅटॉमी

"काकू, तुम्ही तरी आईला सांगा. लग्न करायचंच नाही असं नाही म्हणत मी. पण आधी मास्टर्स करू दे."

आमच्या साताऱ्यातल्या शेजारणीची लेक. मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याला टेकून गुणपत्रिकांची फाईल छातीशी धरून उभी. बीपीटीएच झालेली, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी. चार वर्षं आणि वर सहा महिन्यांची इंटर्नशिप. पण पदवीला गुण अवघे चोपन्न टक्के, त्यात पहिल्या वर्षी ॲनॅटॉमीत दोनदा नापास. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली पोर ती. इंग्रजीतली ती जाडजूड पुस्तकं उघडली की हाडांच्या आधी शब्दच मोडायचे, असं तीच हसत सांगते. तेव्हा मात्र रडत होती.

घरात एकच धोशा. "एवढ्याशा मार्कांवर पुढं कोण घेणार? आणि शेवटी मालिशच ना?" आता हे मालिश प्रकरण मला फार झोंबतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकातच या विषयाचं शिक्षण सुरू झालं. त्या काळी पोलिओनं लुळ्या पडलेल्या लेकरांना उभं करायला माणसं हवी होती. आजही अर्धांगवायू झालेल्या माणसाला चमचा तोंडापर्यंत न्यायला कोण शिकवतं? असो.

मी साधी बी.ए. मला यातलं काय कळणार? पण बचत गटाच्या कामामुळे फॉर्म वाचायची सवय आहे. दोघींनी बसून माहितीपत्रक ओळ न् ओळ वाचलं, तेव्हा कळलं की राज्यात एमपीटीएचला वेगळी सीईटी असते. राज्याचा सीईटी कक्षच ती घेतो. पदवी पास हवी, इंटर्नशिप वेळेत पूर्ण हवी. गुणवत्ता यादी मात्र लागते ती सीईटीच्या गुणांवर. म्हणजे ते चोपन्न टक्के दारापर्यंतच विचारले जातात! कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ, सांगलीतलं भारती विद्यापीठाचं महाविद्यालय ही अभिमत विद्यापीठांकडची, त्यांची प्रवेशाची वाट वेगळी. फीचा आकडाही वेगळा, तो आधी विचारून घ्यावा.

मध्येच एका एजंटाचा फोन आला. "सीट करून देतो, आधी पैसे भरा." तिचे वडील अर्धा एकर विकायला निघाले होते. मी म्हटलं, "भाऊजी, पावती मिळेल का विचारा." विचारल्यावर फोन पुन्हा आला नाही.

मग ती सांगलीला गेली. एका दवाखान्यात नोकरी, खोली तीन मुलींत मिळून. सकाळी द्राक्षबागेत राबून खांदा आखडलेल्या बायका, दुपारी गुडघेदुखीवाल्या आज्या, रात्री अभ्यास. ॲनॅटॉमी तिनं पुन्हा पहिल्या पानापासून काढली. या वेळी मात्र समोर पेशंटचा खांदा होता, त्यामुळे स्नायूंची नावं डोक्यात बसली. पहिल्या सीईटीत नंबर खूप खाली आला. आईनं स्थळ पाहून ठेवलं होतं. त्या आठवड्यात आमच्या दोन्ही घरांत अबोला होता, माझ्याशीसुद्धा. वडीलच शेवटी म्हणाले, "अजून एक वर्ष."

दुसऱ्या खेपेला यादीत नाव लागलं. शाखा निवडताना खेळाडूंची नको म्हणाली, सामुदायिक आरोग्याची घेतली.

यंदा दिवाळीला आली, तर फराळाच्या आधी मला खुर्चीत बसवलं. "काकू, हात छातीशी. तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता ते बघू." आई मोठ्यानं मोजत होती. अकरावर मी दमले. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि वहीत आकडा लिहून घेतला.