पूर्णेची पश्चिमवाट

दर्यापूरच्या वावरात दगड शोधून सापडायचा नाही. पूर्णेने आणून टाकलेला गाळ इथे शेकडो फूट खोल आहे. माती काळी, कसदार. पण जमिनीखालचं पाणी खारं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. मी शाळेत भूगोल शिकवत आलो, आणि वऱ्हाडचा जुना इतिहास राजांच्या नावांऐवजी या मातीपाण्यापासून सांगावा, असं माझं ठाम मत आहे.

विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही म्हटल्यावर माणसाने नदीचा काठ धरला. दगड नाही म्हणून घरं मातीची झाली. ती पडली की त्याच जागी पुन्हा उठली, आणि शतकानुशतकं असं होत गावोगावच्या पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडं झालेल्या जागा, उंचावत गेल्या. पावसाळ्यात पांढरीची कड खचते तेव्हा नीट बघा. राखेचा करडा पट्टा, त्याखाली भाजलेल्या मातीचा तांबडा थर, मधेमधे खापरं. एखादं खापर आतून काळंकुळकुळीत आणि बाहेरून तांबडं निघतं. भांडं भट्टीत पालथं घातलं की आतल्या बाजूला हवा पोचत नाही, म्हणून ती काळी राहते. चांदूर बाजार तालुक्यातल्या तुळजापूर गढीला उत्खननात ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली. म्हणजे लोखंड येण्याआधीपासून माणूस इथे नांदतो आहे.

आता नकाशा पुढ्यात घ्या. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून पश्चिमेला वाहणारी पूर्णा. ती चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्राला. आमच्याच अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेकडची वर्धा नदी मात्र गोदावरीच्या खोऱ्यातली. तिच्या काठच्या कौंडिण्यपुरात पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरात जातो आणि दर्यापुरातला अरबी समुद्रात. एका जिल्ह्याची दोन समुद्रांकडे तोंडं! वऱ्हाडला जे व्यापारी महत्त्व आलं, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

पश्चिमेच्या समुद्राकडे दख्खनचा माल कसा जाई, ते बघा. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी माहितीपुस्तकात दख्खनची दोन मोठी बाजारगावं येतात, पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. तिथून गोमेद आणि तगराहून कापड गाड्यांत लादून भडोच बंदरात जात असे. इजिप्तकडची जहाजं जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य वाऱ्यावर इकडे येत आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतत. काळ्या मातीत बंडी हाकलेल्या माणसाला या वेळापत्रकाची संगती चटकन लागेल. पावसाळ्यात चाक आसापर्यंत रुततं, दसऱ्यानंतर गाडवाट वाळते. आमची वाट मोकळी होते, तेव्हाच तिकडे जहाजं परतीच्या तयारीत असतात. बंडीचा आणि शिडाचा हंगाम एकच पाऊस ठरवत होता.

पूर्णाकाठीच, संग्रामपूर तालुक्यातल्या भोनला, डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी विटांचा बौद्ध स्तूप आणि भाजक्या मातीच्या कड्यांनी बांधलेल्या विहिरी उजेडात आणल्या. मौर्य-सातवाहन काळातलं हे नांदतं गाव. खाऱ्या मुलखात इतक्या निगुतीने विहिरी बांधणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. हे ठिकाण जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं, याचं दुःख वाटतं. सिंचन आम्हालाही हवं आहे, पण बुडण्याआधी तिथली इंचन् इंच नोंद व्हायलाच हवी.

पुढे राज्यं बदलली, पण पश्चिमेची वाट तीच राहिली. इंग्रजांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी वऱ्हाडचा कापूस हवा होता. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरला 1867 साली पोचलेला लोहमार्ग याच पूर्णा खोऱ्यातून गेला. अडीच फुटी रुळांची शकुंतला रेल्वे दर्यापूरला लागूनच असलेल्या बनोशाच्या स्टेशनवरून मूर्तिजापूरला जाई आणि तिथून कापूस मोठ्या गाडीने पश्चिमेला.

आज घरासाठी, भरावासाठी पांढरीची माती जेसीबीने उपसली जाते. गावकऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: खोदताना काळं-तांबडं खापर, मणी किंवा जुनं नाणं दिसलं तर काम तिथेच थांबवा, जागेचा फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.