शकुंतलेचा मालक कोण?

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या शाळकरी मुलांना प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर ‘शकुंतला’ रेल्वेसारखा विषय नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटरची ही नॅरोगेज लाइन त्यांच्याच तालुक्यातून, दारव्हा मोतीबाग स्टेशनावरून गेलेली. मोबाइलवर शोधलं की पाच मिनिटांत उत्तर मिळतं: ही रेल्वे अजूनही एका ब्रिटिश कंपनीच्या मालकीची आहे आणि भारत सरकार तिला दरवर्षी एक कोटी वीस लाख रुपये देतं. वाक्य चटकदार आहे. वहीत उतरवलं, गाडीचं चित्र चिकटवलं की प्रकल्प पूर्ण. खरं तर अभ्यास इथून सुरू व्हायला हवा.

दुसरं संकेतस्थळ उघडलं की पहिली अडचण येते. लाइन सुरू झाल्याचं साल एका ठिकाणी १९०३, दुसरीकडे १९१२, तिसरीकडे १९१६ असं दिसतं. मुलं अशा वेळी गोंधळतात आणि जे साल जास्त ठिकाणी दिसतं ते लिहून मोकळी होतात. त्यांना शिकवायची पहिली गोष्ट हीच, की एकाच वृत्तसंस्थेची बातमी दहा वर्तमानपत्रांनी छापली, तर स्रोत दहा होत नाहीत. तो एकच राहतो. दुसरा स्रोत म्हणजे ज्याला ती माहिती वेगळ्या वाटेनं मिळाली आहे तो.

मग वेगळी वाट कोणती? यवतमाळ जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटिअर १९०८ मध्ये निघालं आणि सुधारित आवृत्ती १९७४ मध्ये. १९०३ मध्ये गाडी खरंच धावत असेल, तर १९०८ च्या पुस्तकात दळणवळणाच्या प्रकरणात ती असायलाच हवी. ते पान उघडलं की एक दावा तिथल्या तिथे तपासून होतो. मालकीचा आणि पैशांचा प्रश्न मात्र गॅझेटिअर सोडवू शकत नाही. त्यासाठी रेल्वे मंत्रालयानं लोकसभेत दिलेली उत्तरं पाहावी लागतात. ती संसदेच्या संकेतस्थळावर वाचता येतात. तिथेही भागलं नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. शिक्षकांच्या मदतीनं वर्गानं असा एक अर्ज लिहिला, तर नागरिकशास्त्राचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

वऱ्हाडातल्या गावाचा अभ्यास करताना आणखी एक गाठ पडते. १८५३ पर्यंत हा मुलूख निजामाच्या कारभाराखाली होता, मग तो इंग्रजांकडे आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. जिल्ह्याचं नावही १९०५ पर्यंत वणी होतं. म्हणजे १९०१ च्या जनगणनेत ‘यवतमाळ जिल्हा’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही, आणि नोंदच नाही असा चुकीचा निष्कर्ष तो काढेल. कागद असतो, तो कोणत्या नावाखाली ठेवला आहे हे माहीत असावं लागतं. नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात काम केलेल्या कोणाही अभ्यासकाला हे पाठ असतं. मुलांना ते सातवी-आठवीत सांगायला काय हरकत आहे?

हे कौशल्य वयानं किंवा पदवीनं आपोआप येत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० इतिहासतज्ज्ञ, २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. विद्यार्थी आणि इतिहासतज्ज्ञही अनेकदा नीटनेटकी मांडणी, भारदस्त नाव यांना भुलले. फॅक्ट-चेकर मात्र त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. त्यांनी लगेच दुसरी पानं उघडली आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. विद्यापीठात शिकलेल्यांना जे जमलं नाही, ती मुळात एक साधी सवय आहे. ती लहानपणी लावता येते.

आणि ती लागली नाही तर काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथं मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्याआधी अशा टोळ्यांच्या अफवा मोबाइलवरून पसरत होत्या. त्याच वर्षी केरळच्या कन्नूर जिल्ह्यानं सुमारे १५० सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखण्याचे वर्ग सुरू केले होते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांमुळे पालक मुलांना लस द्यायला कचरत होते, हे त्यामागचं एक कारण. आपल्याकडेही असे वर्ग शाळाशाळांत व्हायला हवेत.

बोरी अरबचा भाग कपाशीचा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. या घटनेची आकडेवारी बातम्यांत, सरकारी अहवालांत आणि संघटनांच्या पत्रकांत सारखी नाही. कोणी जिल्ह्याचे मृत्यू मोजले, कोणी सगळ्या विदर्भाचे. कोणी एका तारखेपर्यंतचे. आकडे जुळत नाहीत म्हणून कोणीतरी खोटं बोलतं आहे असं लगेच ठरवायचं नसतं. आधी कोणी काय मोजलं ते विचारायचं असतं. या विषयाचा एक अस्सल स्रोत तर घरोघरी आहे: फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली. मोठ्या माणसानं हातमोजे घालून ती धरावी आणि मुलांनी लांबून वाचावी. लेबलवर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. शेजारी घटकाचं नाव, उताऱ्याची माहिती, कोणती काळजी घ्यायची ते. दुकानदार तोंडी काय सांगतो, लेबल काय म्हणतं आणि कृषी विभागाची पुस्तिका काय म्हणते, हे तीन रकाने वहीत आखले की संशोधन सुरू झालं.

गावातली म्हातारी माणसं हाही स्रोतच. पुराचं पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं, हे त्यांना नेमकं आठवतं. साल मात्र हटकून चुकतं. म्हणून त्यांची आठवण महसूल मंडळाच्या पावसाच्या नोंदीशी आणि त्या दिवसांच्या वर्तमानपत्राशी ताडून पाहावी. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, ग्रामपंचायतीच्या नोंदी, जुनी कोतवाल बुकं, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, हे सारं आवाक्यातलं आहे. मराठी विश्वकोश तर मोबाइलवर फुकट वाचता येतो. १९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुलं आपल्या परिसरातल्या प्रश्नावर, आपल्या भाषेत प्रकल्प मांडतात. म्हणजे अशा कामाला व्यासपीठही आहे.

अडतं ते वेळेवर. वर्षाला डझनभर प्रकल्प मागितले, तर मुलं उतरवूनच आणणार, त्यात त्यांचा दोष नाही. शिक्षकांनी यंदा प्रकल्प कमी करावेत, एकाच विषयाला महिनाभर द्यावा, आणि वहीचं शेवटचं पान ‘ही माहिती मला कुठून मिळाली आणि कुठे ती जुळली नाही’ यासाठी राखून ठेवावं. निम्मे गुण त्या पानाला द्यावेत.