गावरस्त्याचा गुलमोहर : गुण आणि दोष

चैत्र सरून वैशाख लागला की जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पूर्व भागातील माळराने करपून जातात. ओढे आटतात, बांधावरचे गवत वाळते आणि डोळ्यांना हिरवा रंग शोधावा लागतो. नेमक्या याच दिवसांत गुलमोहर फुलतो. मंचर, नारायणगाव, ओतूर यांसारख्या मोठ्या गावांतील रस्ते, शाळांची आवारे आणि वस्त्यांवरील अंगणे त्याच्या लाल-केशरी मोहराने शोभिवंत होतात. शहरांच्या रस्त्यांवरून खेड्यात आलेले हे झाड लोकांच्या आवडीचे झाले आहे. तथापि कोणतेही झाड केवळ फुलांवर भाळून लावणे हितावह नसते. त्याचे गुण व दोष दोन्ही पारखूनच जागा ठरवावी लागते.

मूळ व स्वरूप

गुलमोहर हे आपल्या मातीतील झाड नव्हे. त्याचे मूळ स्थान आफ्रिकेच्या पूर्वेस असलेले मादागास्कर बेट. तेथील कोरड्या, पानगळीच्या जंगलात तो वाढतो. एकोणिसाव्या शतकात तो भारतात आला आणि शोभेचे झाड म्हणून सर्वत्र पसरला. झाडाची उंची साधारणपणे १० ते १२ मीटर असते, पण त्याचा विस्तार पुष्कळदा उंचीहूनही अधिक असतो. पान संयुक्त व पिसासारखे असून त्याला बारीक पर्णिका असतात. फुलाला पाच पाकळ्या असतात. त्यांपैकी एक पांढरट-पिवळी व लाल ठिपक्यांची असते. शाळेतील मुले हिची आंबट चव आवडीने घेतात आणि पुंकेसर एकमेकांत अडकवून ‘कोंबड्यांची झुंज’ खेळतात. पुढे हात-दीड हात लांबीच्या कठीण शेंगा धरतात व त्या महिनोन्‌महिने झाडावर लोंबत राहतात.

लोकांना तो का आवडतो

गुलमोहर झपाट्याने वाढतो. वड किंवा चिंच लावणाऱ्यास सावलीची वाट बरीच वर्षे पाहावी लागते. गुलमोहर त्या मानाने लवकर सावली देतो. रोपे सहज तयार होतात. बियांचे कवच टणक असल्याने त्या गरम पाण्यात टाकून एक दिवस भिजत ठेवल्या म्हणजे उगवण चांगली होते. कमी पावसात व हलक्या जमिनीतही झाड तग धरते. या कारणांमुळे वृक्षलागवडीच्या कार्यक्रमात त्याची निवड वारंवार होते.

दोष कोठे आहेत

पहिला दोष लाकडाचा. ते मऊ व ठिसूळ असून त्याच्या आडव्या, लांब फांद्या वाऱ्याने मोडतात. दुसरा दोष मुळांचा. ती बहुतांशी वरच्या थरात पसरतात. त्यामुळे फरशी, ओटा व कुंपणाची भिंत उचलली जाते आणि झाडाचा आधारही खोल जात नाही. वळवाच्या दिवसांत हे दोन्ही दोष एकत्र येतात. त्या वेळी फुलांचा व नव्या पालवीचा भार फांद्यांवर असतो, पहिल्या सरीने माती सैल होते आणि त्यातच सोसाट्याचा वारा सुटतो. ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ पुणे जिल्ह्यातून पुढे गेले, तेव्हा या दोन तालुक्यांत मोठी हानी झाली. पश्चिम पट्ट्यातील जुने हिरडेही त्यातून सुटले नाहीत. मोठ्या वादळापुढे देशी झाडही पडते हे खरे. पण गुलमोहराची फांदी मोडण्यास वळवाचा साधा वारा पुरतो, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट शेतकऱ्यांच्या विशेष उपयोगाची आहे. गुलमोहर शेंगवर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर नत्र साठविणाऱ्या गाठी येत नाहीत. म्हणजे जमिनीचा कस वाढेल या आशेने तो बांधावर लावण्यात अर्थ नाही. उलट त्याची उथळ मुळे पिकाचे पाणी व अन्न घेतात आणि पसरट सावलीने द्राक्षवेली किंवा टोमॅटोच्या कडेच्या ओळी दुबळ्या राहतात.

उभ्या झाडांची निगा

दोष आहेत म्हणून उभी झाडे सरसकट तोडणे योग्य नाही. प्रथम पाहणी करावी. खोडाच्या तळाशी भूछत्रासारखी बुरशी उगवली आहे काय, ठोकल्यावर खोड पोकळ वाजते काय, बेचक्यात चीर पडली आहे काय, एका बाजूची माती उचलली आहे काय, हे पाहावे. जलवाहिनीसाठी किंवा गटारासाठी चर खणताना एका बाजूची मुळे तुटली असल्यास ते झाड विशेष धोक्याचे समजावे. अशा झाडाखाली मुलांना बसवू नये व वाहने उभी करू नयेत.

वाळलेल्या व फार लांबलेल्या फांद्या पानगळीनंतर, हिवाळ्याच्या अखेरीस काढाव्यात. जड फांदी तोडताना आधी खालून अर्धवट काप द्यावा, मग थोडे पुढे वरून कापावे आणि शेवटी उरलेला खुंट खोडालगतच्या फुगीर कड्याशी कापावा. म्हणजे खोडाची साल सोलली जात नाही. जखमेवर १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी या प्रमाणात केलेली बोर्डो पेस्ट लावावी. द्राक्षबागायतदारांना ती परिचितच आहे. बुंध्याभोवती सिमेंटचा पार घट्ट बांधू नये. विजेच्या तारांना लागलेल्या फांद्या स्वतः न तोडता वीज कंपनीस कळवावे. संपूर्ण झाड काढणे भागच असेल तर जागेच्या मालकीप्रमाणे ग्रामपंचायत, सार्वजनिक बांधकाम खाते किंवा वन खाते यांची परवानगी आधी घ्यावी.

नव्या लागवडीत काय लावावे

गुलमोहराला मैदानाच्या कडेला किंवा मोकळ्या गायरानात, इमारतीपासून निदान १० मीटर दूर आणि तारांपासून बाजूला जागा द्यावी. दहा झाडांत एक-दोन गुलमोहर शोभेला पुरेसे आहेत. बाकीची झाडे पाऊसमानाप्रमाणे निवडावीत. आणे पठार, बेल्हे, धामणी अशा कोरड्या भागात कडुनिंब, करंज व चिंच उत्तम. निंबोळ्या गोळा करून ५ टक्के अर्क घरीच करता येतो. करंजाच्या मुळांवर नत्राच्या गाठी येतात. सह्याद्रीलगतच्या पावसाळी पट्ट्यात हिरडा, जांभूळ व राज्यपुष्पाचा मान असलेले ताम्हण लावावे. बाळहिरड्यावर तेथील आदिवासी कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा भाग अवलंबून असतो. ताम्हणाची जांभळी फुलेही उन्हाळ्यातच येतात, हे शोभेची हौस असणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

खड्डे उन्हाळ्यातच ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खणून तापू द्यावेत. पावसाच्या आरंभी माती व कुजलेले शेणखत भरून रोप लावावे. दोन गुलमोहरांच्या मध्ये करंज किंवा कडुनिंब लावल्यास, पुढे गुलमोहर जीर्ण होऊन काढावा लागला तरी रस्ता उघडा पडत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वळवापूर्वी शाळा, बाजारतळ व एस. टी. थांब्यांजवळील झाडांची यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. झाड लावण्याइतकीच त्याखाली बसणाऱ्या माणसाची काळजी घेणे हेही गावाचेच काम आहे.