पाण्यातील फ्लोराइड : परक्यांचा वाद आणि आपली विहीर

अमेरिकेतील यूटा राज्याने २०२५ साली सार्वजनिक पाणीपुरवठ्यात फ्लोराइड मिसळण्यास कायद्याने बंदी घातली आणि पाठोपाठ फ्लोरिडा राज्यानेही तोच मार्ग धरला. तेव्हापासून आपल्याकडील सुशिक्षित मंडळींच्या बैठकीतही या विषयाने ठाण मांडले आहे. कोणी टूथपेस्टची नळी उलटी करून तीवरील बारीक अक्षरे वाचू लागला आहे; कोणी ‘फ्लोराइडविरहित’ अशी चिठ्ठी मिरविणारी महागडी नळी घरी आणून निश्चिंत झाला आहे. दूरदेशीच्या वादाचे पडसाद आपल्या न्हाणीघरापर्यंत पोहोचावेत, यात वावगे काही नाही. परंतु या वादात आपली बाजू कोणती हे ठरविण्यापूर्वी तो वाद आपला आहे काय, हे पाहिले पाहिजे. आमच्या मते तो आपला नाही. आपला प्रश्न निराळा आहे, अधिक निकडीचा आहे, आणि तो समजून घ्यावयाचा तर दृष्टी अमेरिकेकडून वळवून आपल्याच जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांकडे लावावी लागेल.

प्रथम त्या परक्या वादाचे मूळ थोडक्यात सांगणे अवश्य आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक मके नावाच्या दंतवैद्यास कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावातील रहिवाशांचे दात तपकिरी डागांनी माखलेले आढळले. या डागांचे कारण पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड होय, हे कळावयास १९३१ साल उजाडले. पुढे डॉ. ट्रेंडली डीन यांच्या पाहणीत असे दिसले की, फ्लोराइड अल्प प्रमाणात असेल तर डाग पडत नाहीत आणि दात किडण्याचे प्रमाण मात्र कमी होते. या निष्कर्षाच्या आधारे जानेवारी १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात जगात प्रथमच हेतुपुरस्सर फ्लोराइड मिसळण्यात आले. म्हणजे ज्याची प्रथम ओळख कलंक म्हणून झाली, तेच द्रव्य पंधरा वर्षांच्या आत गुणकारी ठरले. त्यास विरोधही तेव्हापासूनच झाला. त्या विरोधात शास्त्रशुद्ध शंका होत्या, तसेच हे सारे कम्युनिस्टांचे कारस्थान आहे असा कांगावाही होता. समर्थकांना शंका आणि कांगावा यांत भेद करावासा वाटला नाही, आणि त्या आढ्यतेची किंमत ते आज मोजीत आहेत, असे म्हणावे लागते.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने आपला बहुचर्चित अहवाल प्रसिद्ध केला. पाण्यातील फ्लोराइड दर लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक असेल, तर त्याचा मुलांच्या बुद्ध्यंकाच्या घसरणीशी संबंध दिसतो, असे त्या अहवालाने मध्यम विश्वासाने सांगितले. त्या देशात मिसळले जाणारे प्रमाण ०.७ मिलिग्रॅम आहे. त्या प्रमाणाविषयी निर्णय देण्याइतका पुरावा नाही, हेही त्याच अहवालाने स्पष्ट केले. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील एका संघीय न्यायाधीशांनी तेथील पर्यावरण यंत्रणेस या जोखमीची दखल घेण्याचा आदेश दिला. आपल्याकडे बातमी आली ती एवढीच. १.५ या आकड्याकडे कोणी लक्ष दिले नाही. वास्तविक हा आकडा वाचताच आपण खडबडून जागे व्हावयास हवे होते. कारण भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा उद्भव उपलब्ध नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे ठरलेले आहे. ज्या मर्यादेपलीकडे धोका आहे असे तेथील शास्त्रज्ञ म्हणतात, तीच आपली अखेरची सवलत आहे. आणि ती सवलत ओलांडणाऱ्या विहिरी या देशात असंख्य आहेत.

आपल्याकडे पाण्यात कोणी फ्लोराइड मिसळीत नाही. ते काम निसर्ग करतो, आणि तो प्रमाण पाहत नाही. मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात १९३७ साली डॉ. शॉर्ट यांनी जे रुग्ण पाहिले, त्यांच्या केवळ दातांवर डाग नव्हते, त्यांचे कणे ताठरले होते, सांधे जखडले होते. १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी नलगोंडा भागातील तरुण मुलांचे गुडघे आतल्या बाजूस वळलेले पाहून तोही याच रोगाचा नवा आविष्कार असल्याचे दाखविले. ती मुले ज्वारी खाऊन राहणाऱ्या कुटुंबांतील होती. केंद्र सरकारने फ्लोरोसिसच्या प्रतिबंधासाठी २००८-०९ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात या रोगाचे नाव निघाले की नांदेड, चंद्रपूर, यवतमाळ, बीड हे जिल्हे आठवतात. पुण्याची आठवण कोणास होत नाही. पुणेकर खडकवासल्याचे पाणी पितात. ते सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे पाणी. खडकाशी त्याची ओळख फार थोडी. त्यामुळे फ्लोराइड हा दुसऱ्या कोणाचा तरी विकार, अशी आपली समजूत झाली आहे.

परंतु पुणे जिल्हा म्हणजे पुणे शहर नव्हे. मोरोपंतांच्या वास्तव्याने पुनीत झालेली कऱ्हाकाठची बारामती आणि शिवरायांच्या जहागिरीतील इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. दक्षिणेस नीरा, पलीकडे भीमा, आणि दोघींचा संगम नीरा-नरसिंहपुरास. तरीही आकाशातून पडणारे पाणी मोजकेच. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८५ च्या सुमारास, नीरा डावा कालवा वाहू लागला आणि या भूमीचे दोन भाग झाले. कालव्याखाली ऊस डोलू लागला, वालचंदनगरासारखी उद्योगनगरी उभी राहिली; कालव्याच्या वर मात्र जिरायती पट्टा पूर्वीप्रमाणेच टँकरची वाट पाहत राहिला. कालव्याखालचे वैभवही निर्वेध नव्हते. अतिरिक्त पाण्याने नीरेच्या खोऱ्यातील जमिनी चोपण होऊ लागल्याची चिंता शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनियरांनीही वाहिली होती. आज दोन्हीकडचा शेतकरी भूगर्भाकडे वळला आहे. जेथे पूर्वी चाळीस-पन्नास फुटांवर विहिरीला पाणी लागे, तेथे विंधन विहिरी शेकडो फूट खाली जात आहेत.

या चोपण जमिनीचा आणि खोल विंधन विहिरीचा फ्लोराइडशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. खडकातील खनिजांमध्ये फ्लोराइड असतेच. पाण्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असेल तर तो फ्लोराइडला धरून ठेवतो आणि पाण्यात फारसे उतरू देत नाही. पण कोरड्या प्रदेशात पाण्याची वाफ होते, चुना चुनखडीच्या रूपाने जमिनीत बसतो, पाण्यात सोडियमचा खार मागे उरतो. आणि मग फ्लोराइडला अडविणारे कोणी राहत नाही. खोल पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहिलेले असल्याने तेथे ही क्रिया अधिक पुरी होते. आपला काळा पाषाण फ्लोराइडच्या बाबतीत ग्रॅनाइटइतका सधन नाही, हे खरे. म्हणून येथे भय नाही असे समजणाऱ्यांनी बीड जिल्ह्याकडे पाहावे. तो जिल्हाही याच काळ्या पाषाणावर वसलेला आहे. शिवाय एका विहिरीत जे आढळते ते शेजारच्या विहिरीत आढळेलच असे नाही. बांधाच्या अलीकडचे पाणी निर्दोष आणि पलीकडचे सदोष, असा प्रकार या बाबतीत नित्याचा आहे.

त्यात हे द्रव्य मोठे कपटी. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे दाट होते. क्लोरीनचा त्यावर परिणाम नाही. खोल विंधन विहिरीच्या ज्या पाण्यात साबणाला छान फेस येतो, डाळ चटकन शिजते आणि म्हणून जे ‘गोडे’ म्हणून वाखाणले जाते, त्यातच ते अधिक असण्याचा संभव असतो. आणि आमच्या सुशिक्षित वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो : खिशातून लेखणीसारखा टीडीएस मीटर काढून पेल्यात बुडविण्याची जी नवी रीत पडली आहे, तिने फ्लोराइडविषयी काहीही कळत नाही. तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा ढोबळ अंदाज देतो. त्यात कोणता क्षार किती, हे त्यास ठाऊक नसते.

दुसरी बाब मात्रेची. मानक सांगते ते एका लिटरमधील प्रमाण. शरीरात किती जाते, हे माणूस किती पाणी पितो यावर अवलंबून. अमेरिकेतही उष्ण प्रदेशांसाठी पूर्वी कमी प्रमाण ठरविलेले असे, ते याच कारणाने. पंख्याखाली बसून दोन लिटर पाणी पिणाऱ्या कारकुनास १.५ प्रमाणाच्या पाण्यातून ३ मिलिग्रॅम मिळते. तेच पाणी उन्हात राबताना सहा लिटर पिणाऱ्या मजुरास ९ मिलिग्रॅम देते. त्यात चहाची भर पडते, कारण चहाच्या पानातही फ्लोराइड असते. आता ऊसतोड कामगाराचा विचार करावा. हंगामात बीडकडून टोळ्या येतात, फडाशेजारी कोप्या पडतात, आणि जवळ जी विहीर वा बोअर असेल तिचे पाणी ही माणसे आणि त्यांची लेकरे महिनोन्महिने पितात. कोणत्या विहिरीचे पाणी कसे, हे त्यांना कोण सांगणार? मुकादमाला ते ठाऊक नसते, विहिरीच्या मालकालाही नसते. दुधाची आणि सकस अन्नाची वानवा असेल तर हा विकार अधिक बळावतो. म्हणजे ज्याला टाळता येणे अशक्य, त्यालाच तो अधिक गाठतो.

सर्वांत मोठी हानी लहान मुलांची. कायमचे दात हिरडीखाली घडत असतात ते सुमारे आठव्या वर्षापर्यंत. त्या काळात फ्लोराइड अधिक गेले तर दातांवर पडणारा डाग जन्माचा सोबती होतो. तो घासून जात नाही. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. हसू आले की तोंडावर हात धरणारे मूल वर्गात असते, आणि ते लाजाळू आहे अशी नोंद करून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. आम्हीही तसेच वळलो आहो. त्या मुलाच्या घरी पाणी कोठून येते, हे आम्ही कधी विचारले नाही.

यावर जबाबदार मंडळींकडून ठरावीक उत्तरे येतात. जिल्ह्याची सरासरी ठीक आहे, असे एक उत्तर. पण मूल सरासरी पीत नाही. ते एका विशिष्ट विहिरीचे पाणी पिते. उगाच लोकांना घाबरवू नका, हे दुसरे. या उत्तरात काही तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. साऱ्या विहिरींवर संशयाचे बोट ठेवणे हा अपराधच होईल. बहुतेकांचे पाणी या बाबतीत निर्दोष निघाले तर आम्हांस आनंदच आहे. परंतु भीती अज्ञानातून येते, आकड्यातून नव्हे. तिसरे उत्तर म्हणजे आरओचे यंत्र. चांगल्या स्थितीतील आरओ फ्लोराइड काढते, यात शंका नाही. पण त्याचा पडदा वेळच्या वेळी कोण बदलतो, आणि जारचे पाणी रोज विकत घेण्याची ऐपत कोणाची? नागपूरच्या ‘नीरी’ने तुरटी आणि चुन्याच्या साह्याने फ्लोराइड बसविण्याची नलगोंडा पद्धत काढली. ती स्वस्त आहे, पण रोजच्या रोज मात्रा मोजून घालणारा दक्ष माणूस तिला लागतो, आणि बसलेला गाळ कोठे टाकावा हा प्रश्न उरतोच.

म्हणून यंत्राआधी आकडा हवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. साधने नाहीत, अशी सबब सांगता येणार नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील प्रत्येक सार्वजनिक विहीर, विंधन विहीर आणि शाळेचा नळ यांची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, व्हावी. आणि फ्लोराइडचा आकडा चावडीवर, त्या त्या उद्भवाशेजारी आणि शाळेच्या भिंतीवर मराठीत रंगवावा. संकेतस्थळावर तो चढविला म्हणजे गावकऱ्यांस कळविला, असे होत नाही. ऊसतोड टोळ्यांना जेथे उतरविले जाते, तेथील पाणी हंगामापूर्वी तपासून घेण्याची जबाबदारी साखर कारखान्यांनी उचलावी; गाळपाचा उतारा दशांशापर्यंत मोजणाऱ्या प्रयोगशाळा त्यांच्याजवळ आहेत. शाळांतील आरोग्य तपासणीत दातांचे डाग नोंदवून ती नोंद पाण्याच्या आकड्याशी ताडून पाहावी.

आणि जेथे विहीर सदोष ठरेल तेथे काय करावयाचे? उत्तर फार दूर नाही. ते गावाखालून वाहते. कालव्याचे पाणी पावसाचे, म्हणून फ्लोराइडच्या बाबतीत हलके. बारामती शहर तेच पाणी साठवण तलावातून घेते. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, हे आपल्या जलनीतीचे पहिले कलम आहे. पण आवर्तन सुटते तेव्हा उसाच्या सऱ्या भरतात आणि टेकडीवरची वस्ती बोअरचा हापसा मारीत राहते. सदोष ठरलेल्या गावांच्या साठवण तलावांत प्रत्येक आवर्तनाचे पाणी प्रथम पोहोचेल आणि मगच उसाच्या चाऱ्या उघडतील, असा निर्णय कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत घेतला जातो की नाही, हे आता पाहावयाचे आहे. त्या बैठकीस ऊसवाल्यांचे प्रतिनिधी नेहमीच हजर असतात. हापशावर उभ्या असलेल्या बाईच्या वतीने तेथे कोण बोलणार, हे आम्ही तेथील आमदारांना आणि पालकमंत्र्यांना विचारीत आहो.